घरी बांधलेल्या लाकडी होडीला रंग कसा द्यायचा (कोकणातली हवा धरून)

होडी बांधून झाली की हात शिवशिवायला लागतात. माणूस तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात जातो, निळा ऑइल पेंट, चार इंची ब्रश आणि टर्पेंटाइनची बाटली घेऊन येतो आणि रविवारी संध्याकाळपर्यंत होडी निळीशार करून फोटो टाकतो. वर्षाच्या आत पोपडे निघतात, मग "आजकाल रंगात दम नाही" सुरू होतं. रंगात दम असतो हो, पण तो ज्या लाकडावर बसलाय त्यात ओल असेल, मीठ असेल, तेल लागलेलं असेल तर तो बिचारा धरणार कशाला? होडीला रंग देतात तो पाणी आत जाऊ नये म्हणून, छान दिसते हा वरचा फायदा. आणि पाणी मोठ्या सपाट फळीतून फारसं शिरत नाही, ते शिरतं फळीच्या टोकातून, खिळ्याच्या डोक्यापाशी, पठाणाच्या म्हणजे तळाच्या मधल्या कण्याच्या खालून, नेमकं जिथे आपण वाकून बघत नाही तिथून. म्हणून खाली जे लिहिलंय त्यातला बराचसा भाग रंगाचा डबा उघडण्याच्या आधीचा आहे, कंटाळा येईल पण वाचा.

मी धरून चाललोय ती दहा ते पंधरा फुटांची होडी, खाडीत वल्ह्यावर नाहीतर छोट्या इंजिनावर चालणारी. ट्रॉलरचं गणित वेगळं.

आधी ठरवा तुमची होडी कुठल्या जातीची

फळ्यांची होडी आणि मरीन प्लायची (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडची) होडी, दोघींना रंग सारखाच दिसला तरी वागवायचं वेगळं. फळ्यांची होडी (साग, आईन, फणस, उंडी, स्वस्तात आंबा) पाण्यात गेली की फुगते, बाहेर काढून उन्हात ठेवली की आक्रसते. दोन फळ्यांमधली फट त्यामुळे वर्षभर उघडझाप करत असते आणि तिच्यावर जे काही लावाल ते त्या हालचालीबरोबर हललं पाहिजे. प्लायची होडी इपॉक्सीने (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या डिंकाने) जोडलेली आणि इपॉक्सीनेच बंद केलेली असते, ती जवळजवळ हलत नाही, तिला कडक लेप चालतो.

घोटाळा होतो तो दोन्हींची सरमिसळ केल्यावर. फळ्यांच्या होडीला कुणीतरी सांगतं की बाहेरून फायबर (काचतंतूचा कडक लेप) मारून टाक, आयुष्यभराची कटकट गेली. जुन्या होड्यांना शेवटची दोन-चार वर्षं काढण्यासाठी लोक करतात तसं, ठीक आहे, पण नव्या होडीला नका करू. आतल्या बाजूने पाणी लाकडात जात राहतं, बाहेरून निघायला वाट नाही, फळ्या फुगतात, फायबरला तडा जातो आणि मग त्या तड्यातून गेलेलं पाणी आतच बसून लाकूड कुजवतं, तेही तुम्हाला न दिसता.

मुहूर्त

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि जुलै संपत आला, नारळी पौर्णिमा जवळ आली की सगळ्या बंदरावर रंगरंगोटी चालू होते. ते बघून नव्या माणसाला वाटतं हाच सीझन. त्या लोकांना दुसरा वेळ नसतो, धंदा बुडवून ते डिसेंबरात बोट वर काढून ठेवू शकत नाहीत, आणि ते दरवर्षी रंग मारतातच. तुम्हाला घाई नसेल तर पहिला रंग नोव्हेंबरअखेर ते मार्चच्या मधे उरका.

त्यातही दिवसाची वेळ बघा. जानेवारीत किनाऱ्यावर सकाळी दव इतकं असतं की होडीवर हात फिरवला तर ओला होतो. ते पूर्ण सुकल्यावर, साधारण साडेनऊच्या पुढे सुरू करा आणि बाराच्या आत ब्रश धुवा. दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुटतो, त्याच्यात वाळूही असते आणि मीठही, ओल्या रंगावर बसलं की संपलं. संध्याकाळी मारलेला ऑइल पेंट रात्रीच्या दवात चकाकी घालवून बसतो, सकाळी बघावं तर राख फासल्यासारखा. आणि होडी सावलीत हवी, तापलेल्या लाकडावर रंग वरून चटकन सुकतो, आत ओला राहतो, मग फोड. माडाच्या झावळांचा मांडव किंवा ताडपत्री पुरते, फक्त ताडपत्री होडीला चिकटू देऊ नका, हवा खेळली पाहिजे.

धुणं आणि वाळवणं

होडी एकदा जरी खाडीत उतरवून पाहिली असेल, किंवा बांधताना नुसती किनाऱ्यावर उभी असेल, तरी ती गोड्या पाण्याने धुवायचीच. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, रंगाच्या खाली राहिलं तर पावसाळ्यात तिथे बरोबर फोड येतात. पाइप लावा, नारळाच्या काथ्याने घासा, आतून कोपऱ्याकोपऱ्यातून पाणी काढा.

मग वाळू द्या. ओलीचं मीटर मिळालं तर १५ टक्क्यांच्या खाली आकडा आला पाहिजे. नसेल तर साधी युक्ती, एक फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून फळीवर रात्रभर ठेवा, सकाळी आतल्या बाजूला थेंब दिसले तर लाकूड अजून ओलं आहे, थांबा. पण फळ्यांच्या होडीला उन्हात महिनाभर तापवूही नका, फटी बोटभर उघडतील आणि तुम्ही त्या भरत बसाल आणि पाण्यात गेल्यावर भरलेलं सगळं बाहेर. सावलीत, वारा लागेल अशी, हळूहळू.

घासणं

८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग १२०, रंगवायची असेल तर १५०-१८० ला थांबा. त्याच्या पुढे गुळगुळीत करत बसलात तर प्रायमरला पकडायला काही राहत नाही. वार्निश करायचा भाग मात्र २२० पर्यंत न्या, वार्निश सगळं दाखवतं. पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून वापरा आणि रेषांच्या दिशेने, आडवं घासलं तर ओरखडे दोन हातांनंतरही दिसतात. ग्राइंडर मशीन मिळालं म्हणून प्लायवर फिरवू नका, वरचा थर पातळ असतो, क्षणात खालचा आडवा थर वर येतो.

साग असेल तर घासून झाल्या झाल्या थिनरच्या फडक्याने पुसा, सागात स्वतःचं तेल असतं. बाकी लाकडांना टर्पेंटाइनचं फडकं, धूळ जाईपर्यंत. रॉकेल नको. गावाकडे रंग पातळ करायला आणि पुसायलाही रॉकेल सर्रास वापरतात, ते पूर्ण उडत नाही, तेलकटपणा मागे ठेवतं.

जुनी होडी विकत घेऊन तिच्यावरच हे सगळं करणार असाल तर एक गोष्ट, भारतात रंगातल्या शिशाचं प्रमाण दहा लाखात ९० भागांपर्यंत आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याच्या आधीचे थर शिसेवाले असू शकतात. ते कोरडे घासू नका. पाणी लावून घासा, मास्क लावा, चिखल गोळा करा, पोरांना लांब ठेवा.

पहिला हात, आणि लांबी त्याच्यानंतर

घरातले पेंटर आधी लांबी (खड्डे-भोकं बुजवायची पुट्टी) भरतात आणि मग प्रायमर मारतात, होडीला उलटं. कोरं लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं, लांबी सुकी भुसभुशीत होते आणि काही महिन्यांनी खपली पडते. म्हणून आधी प्रायमरचा एक हात, मग लांबी, मग परत प्रायमर.

प्रायमर लाकडाचा घ्या. दुकानदार रेड ऑक्साइड हातात ठेवेल, तो लोखंडाचा. पहिला हात टर्पेंटाइनने दहा-पंधरा टक्के पातळ करून, म्हणजे लाकडात जिरेल. आणि आता खरं काम: फळ्यांची टोकं. लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या असतात, फळीच्या अंगापेक्षा कितीतरी पटीने जास्त पाणी तिथून ओढलं जातं. नाळेपाशी म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी जिथे फळ्या येऊन टेकतात, मागच्या आडव्या फळीच्या कडा, बसायच्या फळ्यांची टोकं, वाकांची म्हणजे आतल्या आडव्या फासळ्यांची वरची टोकं, या सगळ्यांना पातळ प्रायमरचे तीन-चार हात, पिणं थांबेपर्यंत. पाच मिनिटांत कोरडं दिसलं की परत लावा. बांधतानाच, फळी बसवायच्या आधी टोकं रंगवून घेतली असतील तर तुम्ही शहाणे, पण बहुतेक लोक हे वाचतात तोपर्यंत होडी उभी असते.

खिळ्यांची डोकी पोगराने (खिळा आत ठोकायच्या बोथट लोखंडी दांड्याने) आत दाबा. लोखंडी खिळा असेल तर त्याच्या डोक्याला तेवढा रेड ऑक्साइडचा ठिपका, मग वर लांबी. सागात आणि आईनात लोखंड उघडं राहिलं तर काळे डाग पसरतात, आणि ते रंगातून वर येतात. प्लायच्या होडीला एम-सील किंवा इपॉक्सीची लांबी मस्त. इपॉक्सी सुकल्यावर त्याच्यावर कधीकधी मेणचट थर येतो, तो पाण्याने आणि खरबरीत स्पंजने धुवा, नाहीतर वरचा रंग दिवसेंदिवस चिकट राहतो आणि कारण सापडत नाही.

फळ्यांच्या फटींना मात्र एम-सील बिलकुल नको. आधी फटीच्या दोन्ही गालांना बारीक ब्रशने प्रायमर, तो सुकला की कापसाची वात बोथट छिन्नीने ठोकून बसवायची, फार जोर नाही, कापूस पलीकडून बाहेर येता कामा नये. त्याच्यावर परत प्रायमर आणि मग मऊ राहणारी लांबी, ती पण कडेच्या बरोबरीने न भरता किंचित खाली. होडी पाण्यात फुगली की फट मिटते आणि आतलं सगळं वर ढकललं जातं, काठोकाठ भरलं असेल तर बाहेर उंचवटा येतो, आणि कडक भरलं असेल तर फळीच वाकते किंवा खिळे सैल होतात. कोरड्या होडीवर खळगी दिसली तरी चालेल, फोटोत कळत नाही.

मग अख्ख्या होडीला प्रायमरचा दुसरा हात, १८० ने हलकं घासणं, पुसणं.

रंगाचे हात

बारा फुटी होडीला बाहेरून एक हात मारायला अर्ध्या लिटरच्या वर आणि पाऊण लिटरच्या आत रंग जातो, आतून वाक, फळ्या धरून तेवढाच किंवा थोडा जास्त. चांगला सिंथेटिक इनॅमल घ्या. टू-पॅक पीयू (हार्डनर मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग) जास्त टिकतो हे खरं, पण फळ्यांच्या होडीला तो फार कडक, आणि त्याच्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला वाईट, साधा कापडी मास्क काही कामाचा नाही. पहिल्या होडीला नकोच.

डबा काठीने तळापासून ढवळा, दुसऱ्या भांड्यात जुन्या स्टॉकिंगमधून किंवा पातळ कपड्यातून गाळून घ्या. दोघं असाल तर एकाने चार इंची फोमच्या रोलरने पातळ लावत पुढे जायचं आणि दुसऱ्याने लगेच मागून कोरड्या ब्रशच्या टोकाने हलकेच सरळ करत यायचं, रोलरचे बुडबुडे जातात आणि ब्रशचे फराटेही राहत नाहीत. एका टोकापासून सुरू केलं की दुसऱ्या टोकापर्यंत थांबायचं नाही, चहा नंतर. ओली कड सुकली की जोड दिसतो.

दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा कधीही बरे, तीन असतील तर उत्तम. प्रत्येकाच्या मधे २२० ने घासा. डब्यावर आठ तास लिहिलेलं असतं ते कोरड्या हवेचं, आपल्याकडे एक रात्र आणि एक दिवस धरा. खात्री करायची तर कोपऱ्यात पेपर घासून बघा, पांढरी पूड निघाली तर तयार, रंग पेपरला गोळे होऊन चिकटला तर उद्या या.

रंग कुठला हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न, पण काळा, गडद निळा, गडद हिरवा उन्हात भयंकर तापतो आणि पाण्यावरच्या फळ्यांच्या फटी उघडतो. आतून पांढराशुभ्र देऊ नका, दुपारी डोळे दिपतात, फिका करडा किंवा क्रीम बरा. पाय ठेवायच्या जागी ओल्या रंगावर बारीक वाळू भुरभुरवा, सुकल्यावर सैल वाळू झाडा आणि वर एक हात द्या, घसरणार नाही. वाळू समुद्राची असेल तर गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवून वाळवलेली.

आतल्या बाजूला लोक रंग ओततात, त्याने वाकांच्या खालून पाणी वाहायची भोकं बुजतात. मग पावसाचं पाणी एका खणात साचून राहतं आणि गोडं पाणी लाकडाला खाऱ्यापेक्षा वाईट, कूज तिथूनच सुरू होते. सुतळी ओवून भोकं मोकळी ठेवा, रंग सुकला की ओढून काढा.

मासेमारीसाठी नोंदणी करणार असाल तर "आयएनडी-एमएच" ने सुरू होणारा नंबर होडीवर लिहावा लागतो आणि रंगाचेही नियम असतात. रंग विकत घेण्याआधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून या. मग आवडता रंग, एकवीरा आईचं नाव, झेंडे काय ते.

पाण्याखालचा भाग

इथे एकच प्रश्न, होडी रोज वाळूवर ओढणार की पाण्यातच बांधून ठेवणार?

ओढणार असाल तर खास काही नको, वरचाच रंग तळाला, आणि पठाणाच्या खाली घासपट्टी म्हणून वेगळी लाकडी पट्टी स्क्रूने मारा, ती झिजली की बदलायची. वाळूवर कुठलाही रंग टिकत नाही.

पाण्यात राहणार असेल तर साधा इनॅमल तिथे चालत नाही, कायम पाण्याखाली तो मऊ पडतो, फोड येतात. शिवाय कालवं, शिंपल्या, शेवाळ चिकटतं, आणि लाकूड पोखरणारा समुद्री किडा बाहेरून सुईएवढं भोक पाडून आतून फळीची चाळण करतो. त्यासाठी अँटीफाउलिंग रंग, ज्यात बहुधा तांब्याचं ऑक्साइड असतं. त्याच्या खाली त्याचाच सांगितलेला प्रायमर, इनॅमलवर तो नीट धरत नाही. डबा भयंकर जड असतो, तांबं तळाला बसलेलं असतं, नीट ढवळलं नाही तर वरचं पातळ पाणी लावून खाली विष डब्यातच राहतं. कोरडा घासू नका, इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या पायाला लावू नका, आणि डब्यावर जी मुदत दिली असेल त्या आत होडी पाण्यात गेली पाहिजे. कुणाकडे टिन असलेला जुना डबा पडलेला असेल तर घेऊ नका, तसल्या रंगांवर २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, कालवांची पैदास बिघडते त्याने.

डांबराचा काळा रंग स्वस्त पडतो आणि आपल्याकडे बरेच जण तळाला तोच फासतात. चालतो. पण एकदा डांबर तर कायम डांबर, त्याच्यावर दुसरा कुठलाही रंग दिलात तर खालून तपकिरी डाग वर येतात.

पाण्याखालच्या आणि वरच्या रंगामधली रेघ कुठे मारायची हे नुसतं अंदाजाने ठरवू नका. प्रायमर झाल्यावर होडी शांत पाण्यात उतरवा, नेहमीचं वजन, माणसं बसवा, आणि चार ठिकाणी पेन्सिलने खूण करा. वर आणून गोड्या पाण्याने धुवून वाळवा, होडी सरळ उभी करा, पारदर्शक नळीत पाणी भरून त्या पातळीने बाकीच्या खुणा काढा. रेघ खुणेच्या दोन इंच वर, कारण शेवाळ लाटेबरोबर वर चढतं. चिकटपट्टी रंग पूर्ण सुकायच्या आधीच ओढायची.

वार्निश, थोडंच

अख्खी होडी वार्निशची बघायला सुंदर, पण कोकणातल्या उन्हात दरवर्षी घासून नवे हात द्यावे लागतात. काठाची पट्टी, बसायच्या फळ्या, वल्ही, एवढ्यावर हौस भागवा. मरीन किंवा स्पार वार्निशच घ्या, ज्यात उन्हापासून वाचवणारं द्रव्य असतं. फर्निचरचं लाखेचं पॉलिश पाण्याने पांढरं पडतं. पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून, दुसरा पाव, पुढचे चार तसेच. डबा हलवू नका, बुडबुडे येतात. वल्ह्याची मूठ कोरी ठेवा किंवा नुसतं तेल चोळा, वार्निश केलेल्या मुठीने तळहाताला हमखास फोड.

तेल-राळेची जुनी वाट

रंगाच्या आधी कोकणात उंडीचं तेल, राळ, काजूच्या टरफलाचं तेल हेच लावत. गोव्यात बांधलेलं आयएनएसव्ही कौंडिण्य हे जहाज २०२५ मध्ये नौदलात दाखल झालं, अजिंठ्यातल्या चित्रावरून, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, सांध्यांना नारळाचा काथ्या, राळ आणि तेल. म्हणजे ही विद्या मेलेली नाही. छोट्या होडीला तेल देणं सोपंही आहे, पोपडे नाहीत, घासणं नाही, दर काही महिन्यांनी नवा हात. फक्त दोन गोष्टी. काजूचं तेल अंगावर उडालं तर कातडी भाजल्यासारखी सोलते, हातमोजे घाला, हातांना आधी खोबरेल चोळा. आणि तेल की रंग हे सुरुवातीलाच ठरवा, तेल प्यालेल्या लाकडावर रंग धरत नाही. जवसाचं तेल वापरलंत तर भिजलेली फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पाण्यात सोडताना

शेवटच्या हातानंतर आठवडाभर तरी थांबा, बोटाला सुकलेला लागणारा रंग आतून अजून मऊ असतो आणि ओढताना दोरीचे व्रण उठतात. फळ्यांची होडी असेल तर सोडायच्या दोन-तीन दिवस आधीपासून आत ओली गोणपाटं अंथरा, दिवसातून दोनदा पाणी शिंपडा. तरीही पहिल्या दिवशी ती गळणार. नवा माणूस इथे घाबरतो, होडी परत वर काढतो आणि फटींमधे सिलिकॉन भरतो, ते नका करू. आमच्याकडचे मेस्त्री म्हणतात तसं, "पिवंदे तेका, आपसूक थांबतला" (पिऊ दे तिला पाणी, आपोआप थांबेल). उथळ पाण्यात बांधून ठेवा, उपसत राहा, एक-दोन दिवसांत फळ्या फुगून फटी मिटतात. तीन दिवसांनीही एकाच जागेवरून धार येत असेल तर मात्र ती फट नाही, बहुधा खिळ्याचं भोक किंवा पठाणाचा सांधा, तिथे खडूने खूण करा आणि होडी वर घेऊन तेवढाच भाग उघडा.